एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय, आता भरतीचं काय?

पत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका १९ वर्षांच्या मुलाचं आहे. दोन वर्षं अकॅडमीत राहून आर्मी भरतीची तयारी चालू आहे, सोळाशे मीटरचं टायमिंग बसलंय, लेखी परीक्षेची भीती नाही. शिवजयंतीला मंडळाच्या रक्तदान शिबिरात पहिल्यांदाच रक्त दिलं आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला की येऊन भेटा. तिथे सांगितलं, 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे, हेपेटायटिस बी, डॉक्टरांना दाखवा.' (एचबीएसएजी म्हणजे रक्तात हेपेटायटिस बी चा विषाणू आहे का हे दाखवणारी टेस्ट.) घरी अर्धवटच सांगितलंय. वडील म्हणतात कावीळ आहे, शेजारच्या गावात औषध देतात तिथे जाऊ. अकॅडमीचे सर माजी सैनिक, ते म्हणतात आर्मीत कावीळ कॉमन आहे, कितीतरी पोरांना होते, टेन्शन घेऊ नको आणि मेडिकलला तोंड उघडू नको. मित्राने गुगल करून सांगितलं की हा रोग 'तसल्या' संबंधातून होतो, त्यामुळे मुलगा आणखी घाबरलाय, त्याने तसं काही केलेलं नाही. रूममध्ये गुपचूप स्वतःचं ताट वेगळं ठेवतोय. विचारतो, 'एवढा फिट असून मलाच कसं झालं? भरतीला लपवू की सांगू? की तयारीच सोडून देऊ?'

मित्रा,

आधी एक गोष्ट, तू लिहिलंस हे बरं केलंस आणि ब्लड बँकेने बोलावल्यावर गेलास हे त्याहून बरं केलंस, कारण असे फोन आल्यावर भरपूर लोक जातच नाहीत, नंबर ब्लॉक करतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सुरू करायचं की नाही हे मी सांगणार नाही. पण तुझ्या पत्रात चार माणसांची चार मतं आहेत, तुझ्या वडिलांचं, सरांचं, मित्राचं आणि तुझं स्वतःचं, आणि मला वाटतं ही चारही मतं वेगवेगळ्या आजारांबद्दल आहेत. तिथून सुरुवात करू.

तुझे सर खोटं बोलत नाहीयेत. सैन्यात कावीळ खरंच जुनी आहे, त्यांनी ट्रेनिंग सेंटरला किंवा एखाद्या पोस्टिंगला बरोबरची पोरं एकामागून एक पिवळी पडून हॉस्पिटलात गेलेली पाहिली असणार. पण ती कावीळ बहुतेक करून हेपेटायटिस ए किंवा ई ची, म्हणजे घाण पाण्यातून आणि खाण्यातून येणारी. एका टाकीचं पाणी, एक मेस, शेकडो पोरं एकत्र, की पसरायला वेळ लागत नाही. आपल्याकडे २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली होती ती याच जातीची, हेपेटायटिस ई, पाण्यातून. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्याच्या छावणीत अशीच कावीळ पसरली होती, ती कसली हे कळेना, तेव्हा बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने आजारी सैनिकांच्या शौचाचा अर्क स्वतः पिऊन पाहिला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि मग त्याच्याच नमुन्यांत तो विषाणू सापडला. १९८३ ला त्याने ते छापलं. (आता कुठलीही एथिक्स कमिटी याला परवानगी देणार नाही, पण हेपेटायटिस ई ची ओळख पटली ती अशी.) तर या ए आणि ई मध्ये माणूस काही आठवडे आडवा होतो, डोळे पिवळे, लघवी गडद, जेवण नकोसं, आणि बहुतेक तरुण पोरं पूर्ण बरी होऊन परत परेडला उभी राहतात. सरांनी जे 'काही होत नाही' पाहिलंय ते हे.

तुझं वेगळं आहे. तुझे डोळे पिवळे नाहीत, भूक लागते, सोळाशे मीटर टायमिंगमध्ये मारतोस. हेपेटायटिस बी रक्तातून आणि शरीरातल्या स्रावांतून जातो, पाण्यातून नाही, आणि कित्येक वर्षं काहीच लक्षण न देता लिव्हरमध्ये बसून राहू शकतो. म्हणून 'एवढा फिट असून मलाच कसं' या प्रश्नात जी समजूत आहे, की फिट शरीरात हा विषाणू नसतो, तीच मुळात चुकीची आहे. फिटनेसचा आणि याचा संबंधच नाही.

आणि 'मलाच' हेही जरा तपासून बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या हेपेटायटिस बी च्या लोकांचा अंदाज २०२२ साठी २ कोटी ९८ लाख असा दिलाय, सी चे ५५ लाख वेगळे. बी चा आकडा लोकसंख्येने भागलास तर साधारण पन्नास माणसांमागे एक. तुझ्या वयोगटात लस मिळालेली पोरं असतात त्यामुळे तुमच्यात प्रमाण थोडं कमी असेल असं धरलं, तरी दोनशे पोरांच्या अकॅडमीत तू एकटा असशील याची शक्यता कमीच. फरक एवढाच की तू रक्त दिलंस म्हणून तुला कळलं. बाकीच्यांना भरतीच्या मेडिकलला कळेल किंवा कळणारच नाही. शिवाय तू जी पोरं बघतोस ती मेडिकल पास होऊन युनिफॉर्ममध्ये सुट्टीवर आलेली, ती आधीच चाळणीतून गेलेली आहेत. जी परत आली ती गावात काय सांगतात? नॉक नी निघाला, फ्लॅट फूट निघाला, कानात मळ होता. 'लिव्हरचं निघालं' असं चावडीवर कोण सांगतंय? त्यामुळे हे किती कॉमन आहे हे भरती झालेल्यांकडे बघून कधीच कळत नाही. इटलीमध्ये सक्तीची लष्करी सेवा होती तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची जवळजवळ सगळी मुलं तपासणीतून जायची, तिथे रिक्रूट्सच्या रक्ततपासणीवरून देशातल्या तरुणांचा अंदाज यायचा, आणि १९९१ ला त्यांनी तान्ही बाळं आणि बारा वर्षांची मुलं अशा दोन्ही गटांना बी ची लस सक्तीची केली, त्यानंतरच्या रिक्रूट्समध्ये प्रमाण उतरत गेलं. आपल्याकडे भरती ऐच्छिक, त्यामुळे रिक्रूट म्हणजे सगळे तरुण असं धरता येत नाही.

आता मित्राचं गुगल. शारीरिक संबंधातून हेपेटायटिस बी जातो हे खरं आहे, पण तो एकमेव रस्ता नाही, आणि तुझ्या बाबतीत मला तो सगळ्यात कमी पटणारा वाटतो. याचं कारण एका जुन्या लष्करी गोंधळात सापडतं. १९४२ ला अमेरिकन सैन्याने जवानांना पिवळ्या तापाची लस टोचली, त्या लसीत माणसाच्या रक्ताचं सीरम वापरलेलं होतं आणि काही बॅचमध्ये हेपेटायटिस बी चा विषाणू निघाला. सुमारे ५० हजार जवान कावीळ होऊन दवाखान्यात पडले, आणि पुढे काढलेल्या अंदाजानुसार लागण झालेले साधारण ३ लाख ३० हजार. म्हणजे मोठ्या वयात, धडधाकट शरीरात, एकदम एवढ्या लोकांना बी झाला. चाळीसेक वर्षांनी त्यातल्या लोकांना शोधून तपासलं तर रक्तात विषाणू टिकून राहिलेले अगदी थोडे निघाले. मोठ्या माणसाचं शरीर बी ला बहुतेक वेळा स्वतःच हाकलून लावतं, शंभरात पाचपेक्षा कमी लोकांत तो कायमचा राहतो. उलट जन्माच्या वेळी लागण झाली तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो मुक्काम ठोकतो. त्यामुळे तुझ्या वयाच्या, काहीच त्रास नसलेल्या मुलात हा विषाणू सापडतो तेव्हा पहिला संशय जन्माच्या वेळचा किंवा अगदी लहानपणचा. तुझ्या चारित्र्याचा इथे प्रश्नच येत नाही.

तू म्हणशील मग लस का नव्हती. तर सरकारी लसीकरणात बी ची लस २००२-०३ ला मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत आली, २००७-०८ ला महाराष्ट्रासकट दहा राज्यांत, आणि २०११-१२ ला देशभर. तुझं वय धरलं तर तू अगदी काठावर राहून गेलास. आज भरतीच्या ग्राउंडवर धावणारी बरीच पोरं अशी काठावरचीच आहेत. आईच्या कपाटात तुझं लसीकरणाचं कार्ड असेल तर बघ, पोलिओ, ट्रिपल, गोवर सापडेल, बी ची ओळ बहुतेक रिकामी असेल.

अर्थात लहानपणाव्यतिरिक्त दुसरे रस्तेही तुझ्या आसपास आहेतच आणि ते मी मुद्दाम लिहितो कारण हे वाचणारी अकॅडमीतली पोरं बरीच आहेत. रविवारी हॉस्टेलच्या गॅलरीत एका खुर्चीवर एकामागून एक बसून सगळ्यांची कटिंग एकाच ट्रिमरने होते, मानेवर रेघ मारायला एकच वस्तरा, त्याच ब्लेडने, कापलं तर थुंकी लावायची आणि पुढचा बसला. जत्रेत हातावर नाव गोंदवतात, सुई तीच, शाई तीच. ग्राउंडच्या आधी ताकदीचं म्हणून किंवा पाय दुखतो म्हणून कुणीतरी इंजेक्शन आणतो आणि दोघा-तिघांत एकच सिरिंज फिरते. हे शेवटचं तर सरळ बंद करा, यातून बी, सी आणि एचआयव्ही तिन्ही जातात.

आता तुझा ताट वेगळं ठेवण्याचा प्रकार. थांबव तो. एका ताटात जेवल्याने, एका ग्लासने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एकत्र पुशअप्स मारल्याने बी जात नाही. वेगळं ठेवायचं ते रेझर, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश. कुठे खरचटलं तर जखम झाकायची, सांडलेलं रक्त स्वतः ब्लीचिंगच्या पाण्याने पुसायचं. आणि रक्तदान आता करायचं नाही, मंडळाने कितीही आग्रह केला तरी.

वडिलांकडे येतो. त्यांच्यावर चिडू नकोस, मुलाला कावीळ म्हटलं की आपल्याकडे माणूस गावठी औषधाकडेच वळतो, आणि त्याला बरं झाल्याचा अनुभवही असतो, कारण ए आणि ई ची कावीळ माळ घातली काय, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन उतरवली काय, आणि काहीच केलं नाही काय, बहुतेक वेळा आपोआपच उतरते. श्रेय औषधवाल्याला जातं. तुझ्या रक्तातला बी माळेने उतरणार नाही, आणि नाकात देवडांगरीचे थेंब सोडणं, दंडावर डागणं, कसलातरी पाला वाटून महिनाभर पिणं, यात तुझ्या चांगल्या चाललेल्या लिव्हरला उगाच इजा होऊ शकते. वडिलांना असं सांग की 'बाबा, आधी रिपोर्ट पूर्ण करू, डॉक्टर काय म्हणतात ऐकू, तोवर काही घ्यायचं नाही.' देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडू दे. (रस्त्यावरचा उसाचा रस 'काविळीला चांगला' म्हणून बर्फ घालून पाजतात, त्या बर्फाचं पाणी कुठलं ते विचारलंय का कुणी? बी बरोबर ए किंवा ई पण घेऊन यायचा.)

मग नेमकं करायचं काय? ब्लड बँकेची टेस्ट ही गाळणी असते, रक्त घेणाऱ्याला धोका नको म्हणून केलेली, त्यामुळे एकदा पॉझिटिव्ह म्हणजे शिक्का बसला असं नाही. सरकारी दवाखान्यात पुन्हा एचबीएसएजी करून घे. एक आठव, रक्त देण्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत तू बी ची लस घेतली होतीस का, कारण लसीनंतर थोडे दिवस हीच टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि म्हणूनच लस घ्यायची असलेल्या बाकी पोरांनी मेडिकलच्या तोंडावर डोस घेऊ नये. पुन्हा पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर अँटी-एचबीसी आयजीएम करतात, त्यावरून लागण ताजी आहे की जुनी याचा अंदाज येतो. मग एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का), एचबीईएजी (विषाणू किती जोरात वाढतोय), व्हायरल लोड (रक्तात तो किती आहे) आणि सोनोग्राफी. ताजी असेल तर चांगली शक्यता आहे की सहा महिन्यांत शरीर तो साफ करेल. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी राहिला तर त्याला जुनाट, म्हणजे क्रॉनिक म्हणतात. क्रॉनिक निघालं तरी लगेच गोळी सुरू होतेच असं नाही, तुझ्या वयात एसजीपीटी नॉर्मल असलेल्या खूप जणांना फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी सांगतात. गरज पडली तर टेनोफोव्हिरसारखी रोज एक गोळी असते, ती विषाणू दाबून ठेवते आणि पुढचा सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) आणि लिव्हर कॅन्सरचा धोका बराच कमी करते. हा धोका खरा आहे, म्हणून 'काही होत नाही' म्हणून विसरून जाणं हे घाबरण्याइतकंच वाईट. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे, त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. तुला जवळचं म्हणजे सीपीआर, कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, तिथे जाऊन या कार्यक्रमाचं नाव घेऊनच विचार, नुसतं 'कावीळ आहे' म्हणालास तर तुला बी-कॉम्प्लेक्स देऊन घरी पाठवतील. आणि एखाद्या वाचकाचा सी पॉझिटिव्ह आला असेल तर त्याच्यासाठी, सी वर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्या आहेत आणि बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात.

धावणं बंद करायचं का? डॉक्टरांनी सांगितलं नाही तोवर नाही. दारू मात्र बंद, आणि त्या डब्यावर नाव नसलेल्या पावडरीसुद्धा.

आता सगळ्यात अवघड, भरती. मी गोड बोलणार नाही. हवाई दलाच्या मेडिकल स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय की व्हायरल हेपेटायटिस झालेला उमेदवार रिजेक्ट, आणि किमान सहा महिने उलटून तो पूर्ण बरा झाला असेल, बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह असतील आणि लिव्हरच्या टेस्ट नॉर्मल असतील तरच फिट धरता येतो. आर्मी यापेक्षा सैल असेल अशा आशेवर अजून दोन वर्षं घालवू नकोस, कोल्हापूरच्या आर्मी रिक्रूटिंग ऑफिसला जाऊन किंवा तुझ्या नोटिफिकेशनमधले मेडिकलचे निकष वाचून लेखी काय आहे ते बघ. म्हणजे हिशोब असा होतो. ताजी लागण असेल आणि साफ झाली, तर तुझी वाट बंद झालेली नाही, थोडी पुढे गेली. क्रॉनिक असेल तर बेळगावच्या मराठा सेंटरचं स्वप्न बहुधा सोडावं लागेल, आणि हे मी आत्ता लिहितोय कारण तुला ते मेडिकलच्या रांगेत बनियनवर उभं असताना कळू नये.

लपवण्याबद्दल. सर म्हणतात तोंड उघडू नको, पण रक्त तोंड उघडतं त्याचं काय? भरतीला आजारांबद्दल लिहून, सही करून द्यावं लागतं. तिथून सुटलास आणि ट्रेनिंगमध्ये किंवा पुढे कधी निघालं, तर आजारापेक्षा ती खोटी सही जड जाते. नोकरीत असताना निदान झालेल्या जवानाला सहसा मेडिकल कॅटेगरी (म्हणजे तब्येतीनुसार कामाचा दर्जा) देऊन, उपचार करून ठेवतात, सरांनी अशी उदाहरणं पाहिली असतील आणि त्यावरूनच ते बोलत असतील, पण आत असताना कळणं आणि माहीत असून लपवून आत जाणं यात फरक आहे. शिवाय सैन्यात कधी कुणाला तातडीने रक्त द्यावं लागेल सांगता येत नाही, तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या पोराला तू काय देशील याचाही विचार कर.

तयारी सोडू का, या प्रश्नाला माझं उत्तर असं की पुढचे सहा महिने सोडू नकोस, पण ती एकाच दारावर लावू नकोस. जी गणित-जीकेची तयारी झालीये ती स्टाफ सिलेक्शन, रेल्वे, बँक, तलाठी, कुठेही चालते. पोलीस भरतीचे मेडिकलचे निकष वेगळे असतात, ती जाहिरात नीट वाच, गावातल्या कुणाचं ऐकून ठरवू नकोस. आणि अकॅडमीत दोन वर्षं भरलेली फी वाया गेली, लोक काय म्हणतील, असल्या हिशोबाने अजून एक वर्ष तिथेच काढायचं नाही.

शेवटचं काम आणि ते तुझ्या भरतीपेक्षा लवकरचं आहे. आई, वडील, भाऊ-बहीण सगळ्यांची एचबीएसएजी करून घे. आईला सांगताना जपून, कारण 'तुझ्यामुळे झालं' असं तिच्या डोक्यात एकदा गेलं की निघणार नाही, आणि तसं असलं तरी तिला स्वतःला ते कुठून आलं, तिच्या आईकडून की त्या काळात गावात एकच सुई उकळून सगळ्यांना टोचायचे त्यातून, हे कुणालाच कळणार नाही. तिला फक्त एवढं म्हण, 'डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची टेस्ट सांगितलीये, तुझीही.' ती पॉझिटिव्ह निघाली तर तिलाही तपासणीची गरज आहे, तिच्या लिव्हरमध्ये तो तुझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षं जास्त राहिलेला असू शकतो. जे निगेटिव्ह आहेत त्यांना लस, आज एक, महिन्याने एक, सहा महिन्यांनी एक, असे तीन डोस. बहीण असेल आणि लग्नाची बोलणी चालू असतील तर तिची टेस्ट आधी. तुझ्या स्वतःच्या लग्नाची काळजी तू पत्रात कंसात लिहिली आहेस, तर लस घेतलेल्या बायकोला तुझ्यापासून धोका जवळजवळ राहत नाही, तिला लग्नाआधी खरं सांगायचं आणि डोस पूर्ण करून घ्यायचे. आणि कुठल्याही घरात आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं, इंजेक्शन देतात, ते डिलिव्हरीच्या आधीच दवाखान्यात सांगून ठेवायचं असतं.

रूममेट्सना सांगायचं की नाही हे तू ठरव, सांगायची सक्ती नाही. पण रविवारच्या कटिंगला स्वतःचा ब्लेड घेऊन बस, आणि जमलं तर सरांच्या कानावर घाल की अकॅडमीत बी च्या लसीचा एक कॅम्प लावा, दोनशे पोरांसाठी ते काही फार अवघड काम नाही. आयजीएमचा रिपोर्ट आला की पुन्हा लिही, फोटो पाठवणार असशील तर नाव आणि नंबर झाकून पाठव.